मुद्दलापर्यंत पोचणारी काटकसर

वाचकांचे प्रश्न : घर आणि हिशेब

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे गृहकर्ज लवकर फेडण्याविषयी आहेत. त्यांपैकी चार पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्रातला प्रश्न अनेक घरांचा आहे, म्हणून त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीत राहतो. तीन वर्षांपूर्वी फ्लॅट घेतला आणि त्यासाठी बँकेकडून २० लाखांचे कर्ज साडेआठ टक्के बदलत्या दराने, वीस वर्षांच्या मुदतीने काढले. हप्ता १७,३५६ रुपये आहे. यजमानांचा पगार हातात ४६ हजार येतो, माझ्या शिकवण्यांचे ९ हजार होतात. घरात सासूबाई आणि शाळेत जाणारी दोन मुले आहेत. वर्षभर मी कसून काटकसर करते आहे. मासळी आठवड्यातून एकदाच आणते, दूध अर्ध्या लिटरने कमी केले, घरखर्च २५ हजारांवर आणला. गणपतीचा खर्चही यंदा कापावा असे म्हटले, तर सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. एवढे करून परवा बँकेतून कर्जाचा उतारा आणला, तर बाकी १८ लाख ७० हजार! वाचवलेले पैसे जातात कुठे? साठ हजारांची एक मुदत ठेव सोडली तर हाती काही नाही. माझे दागिने विकून एकदम रक्कम भरावी का? शेजारच्या बायका भिशीत पैसे टाकायला सांगतात, आणि माझा भाऊ म्हणतो की कर्ज राहू दे, त्याने कर वाचतो. — एक भगिनी, रत्नागिरी

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले, कारण त्यातला थकवा आकड्यांपेक्षा मोठा आहे. आपली काटकसर खरी आहे, पण ती कर्जाच्या खात्यापर्यंत पोचलेलीच नाही. पंचावन्न हजारांतून हप्ता आणि घरखर्च वजा केला तर महिन्याला साडेबारा हजार उरायला हवेत, म्हणजे वर्षाला दीड लाख. त्यांचा हिशेब आपल्या पत्रात कुठेच नाही. ते बचत खात्यात पडून राहिले असणार, आणि जूनमध्ये वह्या-पुस्तके, गणवेश आणि रेनकोट, मग गणपती, मग स्कूटरची दुरुस्ती, मग दिवाळी, असे करत निघून गेले असणार. स्वयंपाकघरात वाचलेला रुपया बँकेत कुणी नेऊन मुद्दलात भरला नाही, तर तो दुसऱ्या कुठल्या तरी खर्चात विरघळतो, आणि घरातल्या बाईला मात्र वाटत राहते की आपलेच कुठे तरी चुकते आहे.

उताऱ्यावरच्या आकड्याने घाबरू नका, तो तसाच असायचा. २० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचे व्याजच १४,१६७ रुपये होते. १७,३५६च्या हप्त्यातून मुद्दलात गेले ते फक्त ३,१८९. मधल्या काळात दर थोडा खालीवर झाला असेल, पण हिशेबासाठी तो साडेआठच धरला तर छत्तीस हप्त्यांत आपण सव्वासहा लाख भरलेत आणि मुद्दल उतरले जेमतेम एक लाख तीस हजारांनी. पहिल्या काही वर्षांत हप्त्याचा मोठा वाटा व्याज खाते. म्हणूनच हप्त्याव्यतिरिक्त भरलेली छोटी रक्कमही या वर्षांत फार काम करते, कारण ती सगळीच्या सगळी मुद्दलावर पडते.

आता साडेबारा हजारांची वाटणी. पाच हजार दर महिन्याला वेगळ्या बचत खात्यात टाका. शाळेची सुरुवात, विम्याचे हप्ते, गणपती, दिवाळी, शिमग्याला गावी जाणे हे खर्च दरवर्षी येतातच, आणि आपल्यासारख्या घरात ते मिळून साठ हजारांच्या घरात जावेत. ते ठरलेले आहेत, तेव्हा त्यांना अचानक आलेला खर्च म्हणू नये. चार हजार अडीअडचणीच्या रकमेसाठी ठेवा. घरखर्च आणि हप्ता मिळून चार महिन्यांचे पैसे, म्हणजे साधारण एक लाख सत्तर हजार, हाताशी असावेत. साठ हजारांची ठेव त्यात धरली तर ही रक्कम सव्वादोन वर्षांत पुरी होईल. उरले साडेतीन हजार; त्यांतले तीन हजार मुद्दलात आणि पाचशे आपल्या स्वतःच्या हातात. हे पाचशे मी विचारपूर्वक लिहिले आहेत. ज्या घरात बाईला स्वतःसाठी एक रुपयाही हिशेब न देता खर्च करता येत नाही, त्या घरातली काटकसर फार दिवस टिकत नाही, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

अडचणीची रक्कम जमली की तिचे चार हजारही मुद्दलाकडे वळवा, म्हणजे सव्वादोन वर्षांनंतर महिन्याला सात हजार जादा जातील. दर हाच राहिला, तर या रीतीने आपले उरलेले सतरा वर्षांचे कर्ज सुमारे दहा वर्षांत फिटते आणि व्याजाचे जवळपास सात लाख रुपये वाचतात. पगार वाढेल तेव्हा वाढीचा अर्धा भाग यातच घातला, तर मुदत आणखी आखडेल.

भरण्याची रीत नीट सांभाळा. पगार जमा होतो त्याच दोन-तीन दिवसांत हे पैसे वळते व्हावेत. महिनाअखेर जे उरेल ते भरू असे म्हटले की काही उरत नाही. बँकेला लेखी कळवा की ही रक्कम मुद्दलात जमा करावी आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी. आमच्या स्वतःच्या कर्जाच्या वेळी आम्ही हे लिहून दिले नव्हते. वर्षभर भरलेली जादा रक्कम पुढच्या महिन्यांचा आगाऊ हप्ता म्हणून धरली गेली, आणि ते दुरुस्त करून घ्यायला चार खेपा घालाव्या लागल्या. तेव्हापासून मी प्रत्येक भरण्यानंतर नवे परतफेडीचे वेळापत्रक मागून घेतो आणि त्यातला शेवटच्या हप्त्याचा महिना पाहतो. काही ठिकाणी अंशतः परतफेडीसाठी किमान रक्कम ठरलेली असते. तसे असेल तर तीन महिन्यांचे पैसे साठवून एकदम भरा. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ सालीच मनाई केली आहे, तेव्हा त्याची भीती नको. व्याजदराचीही एकदा चौकशी करा. ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली बदलत्या दराची नवी गृहकर्जे बाहेरच्या मानकाशी, बहुतेक ठिकाणी रेपो दराशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याच्याशी), जोडलेली आहेत, आणि २०२५ साली फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आला. ती घट आपल्या खात्यात उतरली आहे ना, आणि उतरली असेल तर बँकेने हप्ता कमी केला की मुदत, हे विचारा. हप्ता कमी झाला असेल, तर फरकाचे पैसे न चुकता मुद्दलात भरत राहा.

आता घरखर्चाकडे येतो. मुलांचे दूध पूर्ववत करा. मासळीही कमी करू नका, मासळी बदला. सुरमई आणि पापलेटऐवजी बांगडा, तारली, मांदेली आणली तर आठवड्यातून तीनदा खाऊनही खर्च आटोक्यात राहतो, आणि पोषणात बांगडा-तारली मुळीच उणे नाहीत. कोकणात खरी बचत आगोटीत, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीत, आहे, आणि त्या बाबतीत आपल्या सासूबाईंना आपल्या दोघांपेक्षा जास्त कळते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीचे भाव चढतात. मे महिन्यातच सुकट, जवळा, सुके बोंबील कडक उन्हे देऊन डब्यात भरून ठेवावे. आमसुले, कुळीथ, आंबोशी, वर्षाचा मसाला याच दिवसांत करून ठेवावा. तांदूळ मात्र दिवाळीनंतर, भात झोडून झाल्यावर, ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षभराचा एकदम घ्यावा. ही बेगमी करायला एकदम पैसे लागतात, आणि ते नसतात म्हणूनच घरे महिन्याच्या महिन्याला महाग माल आणतात. वरच्या पाच हजारांच्या खात्याचा हाही एक उपयोग आहे. विजेच्या बिलात १०० युनिटच्या पुढे दर बराच चढतो, तेव्हा जुना फ्रिज किंवा गिझर बिलाला त्या रेषेपलीकडे नेतो आहे का, ते एकदा पाहा.

सासूबाईंच्या रागाचे मला आश्चर्य वाटत नाही. कोकणातल्या घरात गणपती हा कुटुंब एकत्र येण्याचा आधार आहे, मुंबईहून चाकरमानी येतात, माहेरवाशिणी येतात. तो खर्चाच्या यादीतली एक ओळ म्हणून कापायला निघालात तर घर दुखावणारच. माझी सूचना अशी की, वार्षिक खात्यातली गणपतीची रक्कम सासूबाईंच्या स्वाधीन करावी आणि तेवढ्यात कसे भागवायचे ते त्यांनाच ठरवू द्यावे. मखर मागच्या वर्षीचेच वापरायचे, मूर्ती शाडूची पण लहान आणायची, दीरांनी वाटा उचलायचा, हे त्यांनी सांगितले तर सगळे ऐकतील. आपण सांगितले तर ती कंजुषी ठरेल. मुलांनाही कर्जाची बाकी माहीत असू द्या. शेवटच्या हप्त्याचा महिना एका कागदावर लिहून कपाटाच्या आत लावा आणि तो अलीकडे सरकेल तेव्हा त्यांच्याच हातून बदलून घ्या.

दागिने विकू नका. आज एक लाख रुपये मुद्दलात भरले, तर आपल्या कर्जाची मुदत जवळजवळ बावीस महिन्यांनी घटते आणि सुमारे २ लाख ९० हजारांचे व्याज वाचते, हे खरे आहे. पण अडचणीची रक्कम अजून जमायची असताना घरातला अखेरचा आधार मोडणे मला मान्य नाही, शिवाय घडणावळ आणि घट यांत बरेच जाते. मोडलेले, कुणी न वापरणारे एखादे वळे असेल, तर त्याचा विचार सवडीने करा. सोने गहाण ठेवून गृहकर्ज फेडणे तर टाळाच. तिथला दर बहुधा गृहकर्जापेक्षा अधिक असतो.

भिशीत रक्कम बुडाली तर दाद मागणे फार कठीण असते. पतसंस्थेत दर थोडा जास्त मिळतो म्हणून अडचणीची रक्कम तिथे ठेवावीशी वाटेल, पण बँकेतल्या ठेवींना असलेले पाच लाखांपर्यंतचे विमासंरक्षण पतसंस्थांच्या ठेवींना नाही. ती रक्कम बँकेतच ठेवावी.

आपल्या भावाचे म्हणणे एका काळी अंशतः खरे होते. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. नव्या प्रणालीत ती मिळत नाही, आणि २०२५-२६ पासून त्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सवलतीमुळे करच लागत नाही. आपल्या उत्पन्नाच्या घरात कर्ज ठेवल्याने वाचण्यासारखा कर उरलेला नाही. ज्यांना तीस टक्के कर लागतो त्यांचेसुद्धा एक रुपया व्याजामागे तीस पैसे वाचतात. सत्तर पैसे जातातच.

प्रश्न : देवगड तालुक्यात माझी हापूसची बाग आहे. गावातच चिऱ्याचे घर बांधण्यासाठी १५ लाखांचे कर्ज घेतले, हप्ता १३,०१७ रुपये आहे. आमचा पैसा एप्रिल-मेमध्ये येतो आणि हप्ता मात्र बारा महिने द्यावा लागतो. चांगल्या हंगामात सगळी शिल्लक एकदम कर्जात भरावी असे मला वाटते. गावच्या सहकारी सोसायटीचे पीककर्जही आहे. आधी कोणते फेडावे? — एक बागायतदार

उत्तर : सगळी शिल्लक एकदम भरू नये. मुद्दलात गेलेला पैसा साध्या कर्जखात्यातून परत मिळत नाही, आणि पुढच्या वर्षी मोहोर अवकाळी पावसाने काळा पडला किंवा तुडतुडा आणि फुलकिडी यांनी झाडे धरली, तर हप्त्यासाठी खासगी सावकाराच्या दारात उभे राहण्याची वेळ येते. ज्याने मे महिन्यात मोठ्या अभिमानाने दोन लाख भरले आणि जानेवारीत फवारणीच्या औषधासाठी चढ्या व्याजाने पैसे काढले, त्याने वास्तविक काहीच वाचवले नाही.

दलालाकडून शेवटची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, आली की आधी पुढच्या बारा हप्त्यांचे १ लाख ५६ हजार बाजूला काढा. त्यानंतर बागेचा पुढच्या हंगामाचा खर्च काढा : पावसाळ्याच्या तोंडावरची खते, थंडीतल्या फवारण्या, राखण, काढणीची मजुरी आणि पेट्या. हा आकडा मागच्या तीन वर्षांच्या वहीवरून काढा, आठवणीवरून काढू नका. आठवण नेहमी कमी सांगते. मग घरखर्चाचे वर्ष. एवढे सगळे ठेवून जे उरेल त्यातला निम्मा भाग मुद्दलात भरा आणि निम्मा खराब हंगामासाठी ठेवा. खराब हंगामाची ठेव एका संपूर्ण वर्षाच्या हप्त्यांएवढी झाली, की पुढची सगळी शिल्लक निर्धास्तपणे मुद्दलात जाऊ द्या.

काही बँकांकडे गृहकर्जाला जोडलेले ओव्हरड्राफ्ट पद्धतीचे खाते असते. त्यात जादा पैसे जमा असेपर्यंत तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि गरज पडली तर ते काढताही येतात. अशा कर्जाचा दर किंचित जास्त असू शकतो, पण ज्यांचे उत्पन्न हंगामी आहे त्यांना मी ही सोय आवर्जून सुचवतो. वर सांगितलेले वर्षाचे हप्ते, बागेचा खर्च आणि खराब वर्षाची ठेव हे सगळे पैसे त्याच खात्यात पडून राहिले, तर दर महिन्याला आपोआप व्याज वाचवत राहतील. बँकेत विचारून पाहा.

पीककर्जाबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. सोसायटीचे देणे डोक्यावर नको म्हणून लोक ते सर्वांत आधी, मुदतीच्या कितीतरी अलीकडे फेडतात. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज सात टक्क्यांनी मिळते आणि मुदतीत फेडले तर केंद्राच्या तीन टक्के सवलतीमुळे ते चार टक्क्यांनी पडते. राज्याच्या सवलतीने अनेकांना ते बिनव्याजीही मिळते. तेव्हा त्याची तारीख एक दिवसही चुकवू नका, कारण तारीख चुकली की सवलत गेली. पण मुदतीआधी ते फेडण्याची घाईही करू नका. जादा पैसा जास्त दराच्या गृहकर्जाकडे जावा. हवामानावर आधारित फळपीक विम्याचा अर्जही मुदतीत भरा. त्याचा हप्ता वाचवण्यात शहाणपण नाही.

प्रश्न : आमचे घर चिपळूणमध्ये, वाशिष्ठी नदीपासून फार दूर नाही. २२ जुलै २०२१च्या पुरात तळमजल्यावरचे सगळे सामान गेले. आता कर्ज लवकर संपवावे असे वाटते, पण हात रिकामा ठेवण्याचीही भीती वाटते. — एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपली भीती अगदी रास्त आहे आणि हिशेबात तिला जागा असलीच पाहिजे. आपल्यासारख्या घरात अडचणीची रक्कम चार महिन्यांची न ठेवता सहा महिन्यांची ठेवावी, आणि ती पुरी होईपर्यंत मुद्दलात जादा भरणे थांबवले तरी चालेल. त्याहून तातडीचा आहे घराचा विमा. कर्जासोबत बँकेने जो विमा उतरवला असेल, तो बहुधा कर्जदाराच्या जिवाचा असतो. इमारतीचा आणि सामानाचा आहे का, हे पॉलिसीचा कागद उघडून पाहा. १ एप्रिल २०२१पासून सर्वसाधारण विमा कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देतात. तिच्यात पूर, वादळ आणि भूकंप समाविष्ट आहेत, आणि इमारतीचा विमा उतरवला की त्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत, कमाल दहा लाख, घरातल्या सामानालाही संरक्षण मिळते. विम्याची रक्कम आजच्या बांधकाम खर्चाप्रमाणे असावी. जमिनीची किंमत त्यात धरायची नसते. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक खोलीची आणि मोठ्या वस्तूंची छायाचित्रे मोबाइलवर काढून मुंबई-पुण्याच्या नातेवाइकाकडे पाठवून ठेवा. घराची मूळ कागदपत्रे बँकेत सुरक्षित असली, तरी त्यांच्या प्रती, विम्याचे कागद आणि पासबुके वरच्या मजल्यावर ठेवा. वर्षाचा तांदूळ आणि आगोटीचे डबेही पावसाळ्यात तळमजल्यावर ठेवू नका. हे सांगण्याची आपल्याला गरज नसेल, पण नव्याने राहायला आलेल्या शेजाऱ्यांना ते जरूर सांगा.

प्रश्न : पंधरा वर्षांचे कर्ज आम्ही नऊ वर्षांत फेडले, शेवटची रक्कम पुढच्या महिन्यात भरणार आहोत. घर आमच्याच जमिनीवर आहे. नंतर काय काय करावे लागते? — निवृत्त शिक्षक, गुहागर तालुका

उत्तर : आपले आणि आपल्या घरच्यांचे मनापासून अभिनंदन. शेवटची रक्कम भरण्याआधी, त्या तारखेपर्यंतच्या व्याजासह पूर्ण बाकीचे पत्र घ्या, नाहीतर शंभर-दोनशे रुपये मागे राहून खाते उघडेच राहते. पैसे भरल्यावर कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला घ्या. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३च्या आदेशानुसार, कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे आणि नोंदवलेला बोजा उतरवणे वित्तसंस्थेवर बंधनकारक आहे. तिच्याकडून उशीर झाला तर दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते. १ डिसेंबर २०२३पासून हा नियम लागू आहे. कागद हातात घेताना, कर्जाच्या वेळी दिलेल्या यादीशी एकेक पान ताडून पाहा आणि मगच पोच सही करा.

घर स्वतःच्या जमिनीवर असल्यामुळे आपले काम बँकेत संपत नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा चढलेला असेल. बँकेचे पत्र जोडून तलाठी कार्यालयात अर्ज द्या, फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढा आणि त्या रकान्यात बँकेचे नाव राहिलेले नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घ्या. गहाणखत नोंदणीकृत असेल, तर दुय्यम निबंधकाकडे गहाणमुक्तीचा दस्तही करावा लागेल. दोन महिन्यांनी पतअहवाल काढून कर्ज ‘बंद’ असे दिसते का पाहा. हे सगळे याच वर्षी उरका, कारण कोकणातल्या सामाईक जमिनींमध्ये न उतरवलेला बोजा पुढे मुलांच्या वाटपाच्या वेळी वर येतो, आणि तोपर्यंत त्या शाखेतले लोक बदललेले असतात.